पहिल्या पावसात गव्यांना हागवण: दरवर्षीच्या दुखण्याचा माग

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की आठ-दहा दिवसांत आमच्याकडे ठरलेली गोष्ट घडायची. सकाळी गव्यांचं आवार झाडायला गेलेला प्राणीपाल परत येऊन म्हणायचा, "साहेब, परत पातळ." एरवी थरावर थर बसलेला शेणाचा घट्ट पोवटा पडतो, त्याऐवजी जमिनीवर हिरवट-करडं पाणी पसरलेलं, त्यात फुगे, कधी अख्खे मक्याचे दाणे. शेपट्या बरबटलेल्या. माद्या आधी, मग पाडसं, सगळ्यात शेवटी मोठा नर.

मग ठरलेले उपचारही व्हायचे. खुराकातून (पेंड आणि धान्याच्या भरड्यातून) जंतनाशक, एखाद्या वर्षी प्रतिजैविक, पाण्यात क्षार. अडीच-तीन आठवड्यांत कळप सावरायचा आणि सगळे म्हणायचे, औषध लागू पडलं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. हे तीन वर्षं चाललं. औषधाने बरं होतंय असं मीही लिहून ठेवलं होतं, ते कागद अजून माझ्याकडे आहेत. आता वाचताना लाज वाटते, कारण अडीच-तीन आठवडे हा औषधाचा हिशेब नव्हताच. कोटीपोटातल्या, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो. औषध दिलं नसतं तरी त्यातली बरीच जनावरं त्याच दिवशी बरी झाली असती.

तुमच्याकडे गवे असोत, नाहीतर बंदिस्त जागेत वाढवलेलं दुसरं कुठलंही रवंथ करणारं रानटी जनावर. हागवण दरवर्षी ठरल्या वेळी येत असेल, तर ती ज्या क्रमाने तपासायला हवी तो पुढे देतो.

आधी खरा आजार नाही ना, एवढं पाहा

पावसाच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्या हे दोन वैरी असतातच. अंगात ताप, गळ्याखाली सूज, श्वासाला घरघर, एखादं जनावर अचानक मरणं, किंवा मांडीवर-खांद्यावर दाबल्यावर चुरचुरणारी सूज, यातलं काहीही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. शेणात रक्त किंवा आवेचे लोळे असतील तरीही तेच. शेणाचा नमुना तपासून घ्याच. पट्टकृमी, गोलकृमी, पर्णकृमी आहेत की नाहीत ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, अंदाजाने नाही. दरवर्षी न तपासता एकच जंतनाशक देत राहिलं तर त्या औषधाला जंत दाद देईनासे होतात, हा तोटा वेगळाच.

कळपातलं एकच जनावर पातळ हागत असेल तर त्या जनावराचं काहीतरी बिघडलंय. अख्खा कळप चार दिवसांच्या आत पातळ झाला, पण ताप नाही, जनावरं उभी आहेत, थोडंफार खातायत, तर नजर गव्हाणीकडे वळवा.

शेण धुऊन बघा

ही तपासणी फुकटची आहे आणि फारसं कोणी करत नाही. मूठभर ताजं शेण पिठाच्या चाळणीत घ्या आणि नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. चाळणीत काय उरलं? बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या आणि दाण्यांची टरफलं बरीच असतील, तर चारा कोटीपोटात पुरेसा न थांबताच पुढे सरकला आहे. बारीक, एकसारखा चोथा उरत असेल तर पचन ठीक आहे आणि कारण दुसरीकडे शोधायचं.

सोबत दुपारी अकरा-बाराच्या सुमारास लांब उभं राहून मोजा: बसलेल्या जनावरांपैकी किती रवंथ करतायत? निम्म्याहून कमी असतील तर गडबड आहे. एक घास वर आल्यावर निरोगी जनावर तो साधारण पन्नास-साठ वेळा चघळतं. आमच्याकडे त्या दिवसांत मोजणी तीस-पस्तिसावर आली होती. गव्याला हात लावून कोटीपोट तपासता येत नाही, दावणीची गाय नव्हे ती. त्यामुळे दुर्बीण आणि वही हीच आपली तपासणीची साधनं.

तक्ता तोच, पोटात जाणारं वेगळं

मूळ दुखणं मला सापडलं ते आहाराच्या तक्त्यात. तक्ता भिंतीवर टांगलेला, सहीशिक्क्यासकट, बारा महिने तोच. साधारण ६०० किलोच्या मादीला रोज हिरवा चारा ३० किलो, खुराक ३ किलो, कडबा २ किलो. कागदावर त्यात काहीच चूक नाही. चूक किलोमध्ये आहे.

एवढ्या मादीला वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे १२ किलो कोरडा भाग रोज लागतो. कोरडा भाग म्हणजे चाऱ्यातलं सगळं पाणी उडवल्यावर उरतं ते. एप्रिलमध्ये येणारा मका चांगला चिकात आलेला असतो, त्याचा कोरडा भाग पंचवीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ३० किलोतून साडेसात किलो. खुराक नव्वद टक्के कोरडा, त्यातून २.७ किलो. कडब्यातून १.८. बेरीज बरोबर १२. तक्ता करणाऱ्याने हिशेब नीटच केला होता.

आता जूनचा तिसरा आठवडा घ्या. तोच ठेकेदार, तेच ३० किलो. पण चारा कोवळा, नुकता फुटलेला, भर पावसात कापून तसाच गाडीत टाकलेला. पानांवरचं पावसाचं पाणीही काट्यावर मोजलं जातं. आम्ही एकदा वाळवून पाहिलं तर कोरडा भाग बारा टक्के निघाला. ३० किलोतून ३.६ किलो. कडबा ओल लागून बुरसलेला, म्हणून जनावरांनी निम्मा टाकलेला, त्यातून ०.९. खुराक मात्र कोठीत कोरडा, तो तेवढाच, २.७. बेरीज झाली ७.२ किलो.

जनावर उपाशी राहतंय हे तर दिसलंच, पण जास्त घातक आकडा दुसरा आहे. एप्रिलमध्ये एकूण कोरड्या भागात खुराकाचा वाटा २२ टक्के होता, जूनमध्ये तो ३७ वर गेला. कोणी एक मूठही वाढवली नव्हती! आणि जनावरं रोडावलेली पाहून आम्ही काय केलं, तर माणशी एक किलो खुराक वाढवला. वाटा गेला ४४ टक्क्यांवर. भरडलेलं धान्य कोटीपोटात भराभर आंबतं, आम्ल साठतं. तिथला सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६ ते ७ च्या दरम्यान असावा लागतो, तो साडेपाचाच्या खाली गेला की चोथा पचवणारे जिवाणू मरायला लागतात, रवंथ थांबतं, लाळ कमी होते, आणि लाळेतला सोडाच आम्ल मारणारा असल्यामुळे आम्लता आणखी वाढते. शेण पातळ होणं ही त्या साखळीची शेवटची कडी. आम्ही तिथे उपचार करत होतो.

गव्याला आपल्याकडे सर्रास 'गवारेडा' म्हणतात. तो रेडा नाही, गाईच्या कुळातला आहे, हे ओरडून सांगणारे आम्हीच. पण गाईच्या कुळातला म्हणून आम्ही त्याला दुभत्या गाईचा खुराक लावून बसलो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रोज पंधरा लिटर दूध काढायचं असेल तर सरकी पेंड आणि भरडा लागतो. गव्याला दूध घालायचं ते एका वासराला. रानात तो गवत खातो, बांबू खातो, कारवीसारखी झुडपं ओरबाडतो, उन्हाळ्यात झाडाच्या साली सोलतो. दिवसभर चालत, थोडं थोडं, चिवट. त्याच्या पोटाची घडण त्या चिवटपणासाठीच आहे.

कोरडा भाग घरच्या घरी कसा मोजायचा

प्रयोगशाळा लागत नाही. गाडीच्या वेगवेगळ्या भागांतून चारा घ्या, बारीक कापा, नीट मिसळा आणि बरोबर १०० ग्रॅम तोला. मायक्रोवेव्हमध्ये पसरट ताटलीत ठेवा, कोपऱ्यात पाण्याचा एक कप ठेवा, नाहीतर शेवटी चारा पेट घेतो. पहिल्यांदा तीन-चार मिनिटं, मग दर वेळी अर्धा मिनिट. प्रत्येक वेळी तोलायचं. दोनदा लागोपाठ वजन तेच आलं की थांबा. उरले तितके ग्रॅम म्हणजे तितके टक्के. आठवड्यातून दोनदा, आणि मोठा पाऊस झाला की त्या दिवशी. ऑफिसातला मायक्रोवेव्ह वापरू नका, वास आठवडाभर जात नाही आणि चहाच्या वेळी बोलणी खावी लागतात.

काय बदललं

सगळ्यात आधी खुराक कमी केला. जनावरं रोडावतायत आणि तुम्ही खुराक कमी करताय, यावर वरिष्ठांची भुवई उंचावणार हे धरून चला. वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. तीन किलोचा दीड केला आणि तोही सकाळ-संध्याकाळ विभागून. एकूण कोरड्या भागाच्या वीस टक्क्यांवर खुराक जाऊ द्यायचा नाही, ही आमची मर्यादा. गाभण आणि पाजणाऱ्या माद्यांना थोडी सूट, पण ती वेगळ्या गव्हाणीत.

दुसरं, सकाळी दार उघडल्यावर पहिल्यांदा तोंडात कोरडी वैरण. वाळलेलं गवत किंवा कडबा, लांबच्या लांब, कुट्टी न करता. कुट्टी यंत्र ही सोय आपली आहे, जनावराची नाही. बोटाच्या पेराएवढे तुकडे केले की चघळायला काही उरत नाही, तोंडाला लाळ सुटत नाही. यंत्राची पाती लांब तुकड्यांवर लावून घ्या, नाहीतर बंदच ठेवा. तासाभराने हिरवा चारा.

हिरवा चारा बदलायचा तर टप्प्याने. पहिले चार-पाच दिवस एक चतुर्थांश नवा, मग निम्मा, मग पाऊण. तीन आठवडे पुरे होतात. ठेकेदाराला हे जड जातं. जुना मका संपला की त्याच्याकडे एका रात्रीत फक्त नवं गवत असतं. म्हणून ती तीन आठवड्यांची सोय मेमध्येच बोलून ठेवावी लागते.

भिजलेला चारा छपराखाली पातळ पसरून चार-सहा तास सुकवा. ढीग करू नका. ओला ढीग आतून तापतो, आणि त्या उष्णतेत चाऱ्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते कितीतरी पटीने विषारी. दुष्काळात तगलेल्या, युरिया मारलेल्या शेतातला मका पहिल्या पावसानंतर लगेच कापला असेल तर हा धोका सगळ्यात मोठा. ठेकेदाराला विचारायला लाजू नका: खत कधी टाकलं, पाणी कधी मिळालं.

आणि झाडपाला. वड, पिंपळ, उंबर, फणस, बांबू यांच्या अख्ख्या फांद्या आडव्या बांधून टांगल्या की गवे तासन् तास गुंतून राहतात. पानं खाऊन झाली की साल सोलतात. सुबाभूळ फुकट मिळतो म्हणून गाडीभर आणू नका; त्यातलं मायमोसिन जास्त झालं की केस गळतात, गलगंड वाढतो. घाणेरी तर चुकूनही येता कामा नये, यकृत जातं.

पण खुराक कमी केला तर गवे रात्री निवाऱ्यात येणार कसे?

हा प्रश्न प्राणीपालांनी विचारला, आणि तो बरोबर होता. खुराकाची बादली वाजवली की कळप आत, ही वर्षानुवर्षांची सवय. म्हणजे खुराक हा आहार कमी आणि आमिष जास्त होता.

उत्तर ईशान्येकडून मिळालं. अरुणाचल, नागालँडमध्ये मिथुन पाळतात, गव्याचाच माणसाळलेला भाऊबंद. मिथुन दिवसरात्र रानात मोकळा चरतो, मालक त्याला खुराक घालत नाही. जातो तेव्हा मीठ घेऊन जातो, आणि मिथुन ओळखीच्या माणसाजवळ मिठासाठी येतो. रानातले गवेही खारी माती चाटायला ठरलेल्या जागी जातात. आम्ही संध्याकाळच्या बादलीत खुराकाऐवजी दोन मुठी कोंडा आणि खडे मीठ ठेवलं. पहिले चार दिवस मोठा नर दारात उभा राहून आमच्याकडे असा बघायचा की आपण त्याचं देणं बुडवलंय. पाचव्या दिवशी आत आला.

चाटण विटा पावसात उघड्यावर ठेवल्या तर आठवड्यात विरघळून जातात आणि मग जनावरं भिंती चाटतात. वीट छपराखाली, जमिनीपासून वर, आणि एक नव्हे तीन-चार. एकच असेल तर तिच्यावर नराची मालकी असते. गव्हाणींचंही तसंच. जितकी जनावरं त्याहून एक-दोन गव्हाणी जास्त, एकमेकींपासून लांब. नाहीतर तक्त्यातला 'माणशी दीड किलो' प्रत्यक्षात नराच्या पोटात पाच आणि पाडसाच्या पोटात शून्य असतो, आणि दोघांचंही शेण बिघडतं, वेगवेगळ्या कारणांनी.

तरीही जमत नसेल तर

डावी कूस फुगलेली दिसली तर ती पोटफुगी, आणि तिथे थांबायला वेळ नसतो. कोवळा लसूणघास किंवा बरसीम ओला पोटभर दिला की हे होतं. गाईला नळी घालता येते, गव्याला घालायची तर आधी बेशुद्ध करावं लागतं, आणि गुंगीच्या औषधाने कोटीपोटाची हालचाल मंदावून ढेकर बंद होते, म्हणजे फुगी वाढते. धावपळीचा आणि घबराटीचा ताणही या जनावराला पेलवत नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा पकडापकडीनंतर दगावला, ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणून लसूणघास द्यायचाच तर सुकवलेला, कोरड्या वैरणीनंतर आणि थोडा.

ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांची किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, पण निविदेत 'हिरवा चारा' एवढंच लिहिलं असेल तर ज्वारीही येते. फुलोऱ्याआधीची ज्वारी दारातूनच परत पाठवा. तिच्यातलं सायनाइड मिनिटांत मारतं.

हत्तीगवताच्या संकरित जातींमध्ये ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. तोच एक चारा महिनोन्‌महिने चालू असेल तर खनिज मिश्रणाकडे दुर्लक्ष नको.

नर वारंवार लघवीसाठी ताणतोय, थेंब थेंब येतेय? गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार. कोंडा जास्त, कॅल्शियम कमी आणि पाणी कमी, की मूतखडे होतात. वर सांगितलेल्या दोन मुठींच्या पुढे कोंडा जाऊ देऊ नका.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवे लंगडायला लागले की सगळे चिखलाला दोष देतात. चिखल असतोच. पण जूनमध्ये कोटीपोटात आम्ल साठलं असेल तर खुराला सूज येते आणि ती बाहेर दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. खुरांवर आडव्या वळ्या दिसल्या की जूनची वही उघडा. आमच्याकडे हागवण आटोक्यात आल्यावर त्या पावसाळ्यात लंगडणंही कमी झालं. तोपर्यंत या दोन गोष्टी एकमेकींशी जोडाव्यात असं मला सुचलंही नव्हतं.

शेवटची अडचण माणसांची. बेंदूर, पोळा आला की भाविक मंडळी पुरणपोळी घेऊन येतात, कधी साध्या पाहुण्याच्या रूपात, कधी मोठ्या साहेबांच्या ओळखीने. डाळ, गूळ, मैदा, थेट कोटीपोटात. मी वाद घालत नाही. "मावशी, हा रानचा आहे, याला नैवेद्य उंबराच्या फांदीचा लागतो," म्हणून कोठीतली फांदी त्यांच्याच हातात देतो आणि प्राणीपालाला ती कुंपणाआड टांगायला सांगतो. पोळ्या आम्ही खातो.

या सगळ्याचं वेळापत्रक पावसाळ्यात सुरू होत नाही. गवत कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वाळलेल्या गवताची खरेदी तेव्हाच. रब्बी ज्वारीचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये. गंज जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचायची, भिंतीला न टेकता, आणि मेच्या अखेरीस ताडपत्री घालायची. बुरसलेला कडबा सरळ फेकायचा, धुऊन-वाळवून परत घालायचा नाही. निविदा निघते एप्रिलमध्ये. तिच्यात या वर्षी 'किलो' या शब्दापुढे 'किमान अठरा टक्के कोरडा भाग' एवढे शब्द घालून घेतले आहेत. ठेकेदाराने दोन गाड्या परत नेल्या, तिसऱ्या वेळी सुकवून आणलं.